दारापर्यंत आलेली पावलं

या प्रकरणात मी दोन जबाब दिले आहेत. एक पोलिसांना, एक शाळा चालवणाऱ्या संस्थेला. दोन्हींवर माझी सही आहे आणि दोन्ही खरे आहेत.

पण जे आता सांगते आहे, ते त्या दोन्हींत नाही.

जबाब घेणारा माणूस विचारतो, "तुम्ही काय पाहिलं?" मी काहीच पाहिलेलं नाही. मी फक्त ऐकलं आहे. ऐकलेलं कोणी लिहून घेत नाही.

माझं नाव चेतना. मी नर्स आहे. शहाद्यापासून थोड्या अंतरावर मुलांची एक निवासी सैनिकी शाळा आहे, तिथल्या दवाखान्यात सहा वर्षं काम करते. शाळेचं नाव सांगणार नाही. तिथे अजून मुलं शिकत आहेत.

तारीख सांगते. रविवार, १८ फेब्रुवारी २०२४.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. दुपारचे पावणेतीन वाजले होते.

आमचा दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. मैदानाच्या अगदी टोकाला. मुलांच्या बराकी समोरच्या बाजूला. मधे मुरमाची वाट. त्या वाटेवरून कोणी आलं की आधी आवाज येतो, मग माणूस दिसतो. रविवारी जेवणानंतर दोन ते साडेतीन विश्रांतीचा तास असतो. त्या वेळी मैदानावर चिटपाखरू नसतं.

मी औषधांची वही भरत बसले होते. दाराला पडदा होता.

आणि आवाज आला...

कर्र... कर्र... कर्र...

कोणीतरी धावत येत होतं. बराकीकडून दवाखान्याकडे. जीव घेऊन धावतात तसं. पावलं दारापाशी येऊन थांबली. पडद्याच्या पलीकडे धाप ऐकू येत होती.

मी म्हटलं, "ये आत."

कोणी आलं नाही.

धाप तशीच चालू होती. मग पावलं मागे वळली आणि चालत परत गेली. हळूहळू.

मला वाटलं, कोणाला तरी मैदानाच्या फेऱ्यांची शिक्षा असेल. दहा मिनिटांनी तेच झालं. मी वही भरत राहिले. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी मुलीशी फोनवर बोलत होते. तिला म्हटलं, थांब जरा, कोणीतरी आलंय. पण मी उठले नाही.

मी उठले नाही. हे वाक्य दोन्ही जबाबांत आहे.

साडेचारला स्वयंपाकघरातल्या वत्सलाबाई पळत आल्या. वत्सलाबाई आमच्या भागातल्याच, अहिराणीच बोलतात. म्हणाल्या, "ताई, तो गोकुळ चुल्हापाशी बठेल शे. थरथर कापी ऱ्हायना. काही सांगी नही ऱ्हायना. तू चाल."

गोकुळ गावित, खांडबाऱ्याकडचा, अकरावीचा मुलगा. त्याने मला पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "नवलसिंग उठत नाहीये."

नवलसिंग वसावे त्याचा जोडीदार. आमच्याकडे दोन-दोन मुलांच्या जोड्या असतात. एकाने दुसऱ्याची काळजी घ्यायची, लष्करात असते तशी. नवलसिंग मणिबेलीकडचा. त्याच्या घरी जायला बोटीने जावं लागतं. डोंगर चढून-उतरून वाढलेला पोरगा, शाळेत त्याच्याइतकं कोणी पळत नव्हतं.

दोन नंबरच्या बराकीत तो खाटेवर पडला होता. ओठ काळे-निळे. हात गार.

नंतर सगळं कळलं. मंगळवारी धावण्याची निवड चाचणी होती आणि त्याची नडगी दुखत होती. बाहेरच्या कोणाकडून तरी बिननावाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. दुखणं थांबतं, दम वाढतो, असं सांगितलं होतं. त्याने घेतल्या. गुण येईना, म्हणून परत घेतल्या. मरायचं नव्हतं त्याला. त्याला मंगळवारी पळायचं होतं.

शाळेच्या जीपमधून शहाद्याला नेलं. तिथून नंदुरबारला न्यायला सांगितलं. मी मागे बसले होते, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. प्रकाशा गावाजवळच्या पुलावर, खाली तापीचं पाणी दिसत असताना, त्याने एक लांब श्वास घेतला.

मी पुढच्या श्वासाची वाट बघत राहिले...

पूल संपला तरी.

गोकुळशी मी दुसऱ्या दिवशी बोलले. विचारलं, मला बोलवायला का नाही आलास?

तो खाली बघत म्हणाला, "तीनदा आलो होतो, सिस्टर. दारापर्यंत."

नवलसिंगनेच त्याला अडवलं होतं. शुद्ध होती तोवर म्हणत होता, जाऊ नको, झोपलो की बरं वाटेल, सिस्टरला कळलं तर नाव कमी होईल.

दोघं घाबरले त्यात नवल नव्हतं. प्रत्येक बराकीत नियमांची पाटी आहे. सातवा नियम असा : बाहेरचं औषध किंवा नशेचा पदार्थ घेतल्याचं आढळल्यास त्याच दिवशी नाव कमी. लपवणाऱ्या जोडीदाराचंही. चुकून झालं, जाणून झालं, असा काही फरक त्यात नाही. आणि एकदा दाखल्यावर तसा शेरा पडला की फौजेत कोण घेणार?

गोकुळने सांगितलं असतं तर मित्राचं नाव गेलं असतं. नाही सांगितलं, म्हणून दोघांचं गेलं.

हो, दोघांचं. नवलसिंगचंही.

दहा दिवसांनी त्याचे वडील पेटी आणि दाखला न्यायला आले. सुकराम वसावे. बारीक अंगाचा माणूस, पायात रबरी चपला. ऑफिसमधून कागद घेऊन ते सरळ दवाखान्यात आले, कारण शेवटी मी बरोबर होते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. कागद माझ्यापुढे धरला. म्हणाले, "बाई, वाचून दे."

मी वाचलं. मनात.

नाव कमी करण्याचे कारण : शिस्तभंग, निषिद्ध औषध सेवन.

मी त्यांना थांबवून ऑफिसात गेले. क्लार्कला विचारलं, मुलगा मेला आहे, तर मृत्यू का नाही लिहिलं? त्याने वही दाखवली. नाव कमी केल्याचा आदेश रविवारी संध्याकाळी सहाला निघाला होता. मृत्यूची खबर आली सातला.

म्हणजे आम्ही पुलावर होतो तेव्हाच त्याचं नाव गेलं होतं.

परत येऊन मी सुकरामभाऊंना खोटं वाचून दाखवलं. म्हटलं, लिहिलंय की मुलगा गुणी होता, धावण्यात पहिला होता.

त्यांनी मान हलवली. कागदाची नीट घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "घरी जागृती वाचेल. पोरगी. नववीला आहे. सगळ्यांना वाचून दाखवेल."

पेटी डोक्यावर घेऊन ते मुरमाच्या वाटेने गेले.

त्यानंतरचा दुसरा रविवार. १० मार्च. पावणेतीन.

मी एकटी होते. मुलं बराकीत झोपलेली.

कर्र... कर्र... कर्र...

मी ताडकन उठले. या वेळी उशीर करायचा नव्हता. पावलं दारापाशी थांबली, धाप ऐकू आली, आणि मी पडदा ओढला.

समोर कोणी नव्हतं.

ऊन होतं. वाट रिकामी होती. मैदान रिकामं होतं.

पण धाप तिथेच होती. माझ्या खांद्याच्या उंचीवर. हातभर अंतरावर...

मग पावलं वळली आणि परत गेली. माझ्या डोळ्यांसमोर. मुरमावर आवाज होत होता आणि मुरमाचा एक खडा हलत नव्हता.

मी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी भांडी घासून वत्सलाबाई माझ्यापाशी पान खायला बसल्या होत्या. आवाज आला. त्यांचा हात चुन्याच्या डबीवरच थांबला. आवाज परत जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "माले बी ऐकू येस, ताई. भर दुपारनी येळ बी तशीच ऱ्हास. तू दार नको उघडू."

उन्हाळ्याच्या सुट्टीत आवाज बंद होता. जूनमध्ये मुलं परत आली. पाऊस लागला.

रविवार, ७ जुलै.

सकाळभर पाऊस होऊन मुरूम भिजला होता. ओल्या मुरमावर पाऊल वाजत नाही, नुसतं पच्च होतं. मी औषधांची खोकी उघडत होते.

कर्र... कर्र... कर्र...

कोरडा आवाज. फेब्रुवारीतल्यासारखा.

या वेळी पावलं परत गेली नाहीत. दारापासून चार पावलं मागे जायची, पुन्हा दाराशी यायची. पुन्हा मागे, पुन्हा दाराशी. कोणी घाईने बोलवायला आलं की करतं तसं.

मला काय वाटलं माहीत नाही. मी चप्पल घातली आणि आवाजामागे चालू लागले.

तो पुढे, मी मागे. माझी पावलं पच्च वाजत होती, त्याची कर्र. मैदान ओलांडलं. दोन नंबरची बराक मागे टाकली. न्हाणीघरापाशी आवाज थांबला.

दार आतून लावलं होतं. मी हाक मारली. उत्तर नाही. खांद्याने धक्का देऊन कडी मोडली.

आत हेमकांत पडला होता. बारावीचा, तापीकाठच्या एका गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. तोंडातून फेस. खिशात तशाच बिननावाच्या गोळ्या.

जीपमध्ये त्याला क्षणभर शुद्ध आली. त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, "सिस्टर, नाव सांगू नका."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

तो वाचला. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाने आणला असता तर हातात काही राहिलं नसतं. त्या रात्री मी देवापुढे बसून रडले. मला वाटलं, हा नवलसिंगच, आणि आता कळलं तो कशाला येतो. जिवंत मुलं ज्या दारापर्यंत येऊन परत जातात, त्या दारावर तो हाक मारायला येतो.

पण हॉस्पिटलच्या कागदावर कारण लिहावंच लागतं. कागद चौथ्या दिवशी शाळेत आला. त्याच दिवशी हेमकांतचं नाव कमी झालं.

पेटी घेऊन जाताना त्याचे वडील माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना धरलं. हेमकांत बाजूला उभा होता, डोळ्यांखाली काळं झालेलं. वडील जीपकडे गेल्यावर तो म्हणाला, "तुम्ही कशाला आलात, सिस्टर?"

रागाने नाही. खरंच विचारत होता.

मी त्याच दिवशी कमांडंट सरांकडे गेले. योगेंद्र गिरासे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कडक माणूस, पण वाईट नाही. आजारी मुलांसाठी स्वतःच्या घरून दूध पाठवतात. मी त्यांना सांगितलं, सर, ही मुलं गुन्हेगार नाहीत. चुकून जास्त झालं. शिक्षेची भीती आहे म्हणून मुलं हाक मारत नाहीत, आणि हाक मारत नाहीत म्हणून मरतात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या हाताखाली एक पोरगा होता. पहाऱ्यावर नशेच्या गोळ्या खाऊन उभा राहिला. आपल्याच दोन माणसांवर रायफल रिकामी केली त्याने. त्याच्या महिनाभर आधी तो असाच सापडला होता. म्हणाला, चुकून झालं साहेब. मी माफ केलं होतं."

मी म्हटलं, "सर, शिक्षा नंतर द्या. महिन्याने द्या. पण ज्याने हाक मारली, त्याला आणि त्याच्या मित्राला एवढ्या एका वेळी सोडा."

"सोडलं तर उद्या दहा जण घेतील."

"नाही सोडलं तेव्हाही दोघांनी घेतल्याच की."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पावलं, धाप, न्हाणीघर. मला वाटलं होतं, मला घरी पाठवतील.

त्यांनी फक्त विचारलं, "आवाज कोरडा होता?"

मी अजून ते सांगितलंच नव्हतं.

मी हो म्हटलं. त्यांनी समोरची फाईल बंद केली आणि म्हणाले, तुमचं म्हणणं संस्थेपुढे ठेवतो. त्यानंतर रविवारी दुपारी ते ऑफिसात बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

म्हणणं त्यांनी खरंच ठेवलं. बैठकीला पालकही होते. बहुतेक पालकच म्हणाले, नियम ढिला करू नका, आमची पोरं बिघडतील. हेमकांतच्या गावचाही एक जण होता, तोही तेच म्हणाला. नियम राहिला. उलट एक ओळ वाढली. अशी घटना घडल्यास सिस्टरने त्याच दिवशी विद्यार्थ्याचं नाव लेखी कळवावं.

ती ओळ मुलांनी पाटीवर वाचली. त्या दिवसापासून मी बराकीत शिरले की बोलणं थांबू लागलं.

डिसेंबरमध्ये पावलं पुन्हा आली. तीच वेळ. मी दार उघडलं, समोर कोणी नव्हतं, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कोण आहे?"

पावलं वळली. मी मागे निघाले. पण या वेळी ती बराकीकडे गेली नाहीत. फाटकाकडे गेली. फाटकातून बाहेर, डांबरी रस्त्यावर...

डांबरावर आवाज उमटेना.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. डावीकडे जायचं की उजवीकडे? ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. एक मोटरसायकल गेली. अर्धा तास उभी राहून परत आले.

संध्याकाळी सातला फोन आला. गोकुळची आई, कालीबाई. तिचं बोलणं आणि रडणं वेगळं करता येत नव्हतं. गोकुळ घरी राहून पोलीस भरतीची तयारी करत होता. कोणीतरी दिलेल्या गोळ्या खाऊन पळायला गेला आणि माळावर पडला. बरोबरची पोरं घाबरून पळून गेली. सरपण आणणाऱ्या दोन बायकांनी त्याला रिक्षात घातलं.

मी विचारलं, किती वाजता?

तिने सांगितलं, तीनला थोडा वेळ कमी होता.

दुसऱ्या दिवशी एसटीने नवापूरच्या हॉस्पिटलात गेले. गोकुळ वाचला होता. ओठ फुटलेले, हाताला सलाईन. आई चहा आणायला गेली तेव्हा तो म्हणाला, "काल तुमच्याकडे आलो होतो, सिस्टर. तुम्ही दार उघडलं. माझ्याकडेच बघत होतात. तरी विचारलंत, कोण आहे."

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

मी त्याला मार्चचं विचारलं, जुलैचं विचारलं. त्याला काही आठवत नव्हतं. एवढंच म्हणाला, दुपारी झोपलो की धाप लागून जाग येते. आई म्हणते, झोपेत पाय हलतात.

मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, मेलेलं कोणी नाही. जिवंत पोराचा घोर आहे. तो बरा होईल, आवाजही थांबेल.

गोकुळ बरा झाला. पळणं सुटलं, पण बरा झाला. आठ महिने माझ्या दाराशी कोणी आलं नाही.

मग या वर्षीचा ऑगस्टचा शेवटचा रविवार.

कर्र... कर्र... कर्र...

सगळ्यात आधी मी गोकुळला फोन लावला. त्याने लगेच उचलला. तो खांडबाऱ्याच्या स्टेशनवर सुरतच्या गाडीची वाट बघत होता, कामाला चालला होता. मागे गाडीची घोषणा ऐकू येत होती. मी विचारलं, "जागा आहेस?"

"उभा आहे, सिस्टर. का?"

त्याचा आवाज माझ्या एका कानात होता. दुसऱ्या कानात, पडद्याच्या पलीकडे, धाप चालू होती.

म्हणजे तो गोकुळ नव्हता.

मी फोन ठेवला आणि पावलांमागे धावले. ती दोन नंबरच्या बराकीत शिरली. मी शिरले.

छत्तीस खाटा. छत्तीस मुलं. उकडत असूनही सगळ्यांनी डोक्यावर चादरी ओढलेल्या.

बराकीत फरशी आहे. मुरूम नाही. तरी तोच आवाज... खाटांच्या मधून... या टोकापासून त्या टोकापर्यंत... आणि परत.

मी म्हटलं, "कोणाला काही होतंय का?"

कोणी हललं नाही.

आवाज एका खाटेजवळून गेला आणि त्या खाटेवरच्या मुलाने चादरीखाली दोन्ही तळहात कानांवर दाबले. मी पाहिलं. पुढच्या खाटेवरच्याने पाय पोटाशी घेतले. त्यापुढचा भिंतीकडे वळला.

त्यांनाही ऐकू येत होतं. सगळ्यांना.

मी एकेकाची चादर काढली. मनगट धरलं, डोळे पाहिले. कोणाची नाडी जोरात होती, पण भीतीनेही होते. प्रत्येक जण तेच म्हणाला. "काही नाही, सिस्टर." छत्तीस वेळा. माझ्या पाठीमागे ती पावलं धावतच होती.

शेवटी मी खोलीच्या मधोमध गुडघ्यांवर बसले. हात जोडले. म्हटलं, "मी नाव लिहिणार नाही. माझ्या मुलीची शपथ. फक्त सांगा, कोणी काय घेतलंय."

बराकीचा मॉनिटर, उंच, शांत मुलगा, उठून उभा राहिला. अदबीने म्हणाला, "हेमकांतचं नावही तुम्ही सांगणार नव्हतात, सिस्टर."

मी जोडलेले हात खाली घेतले.

आणि पावलं थांबली.

खोलीच्या मधेच, माझ्यापासून दोन हातांवर. धाप ऐकू येत होती. मग हळू झाली... आणखी हळू...

मग तीही ऐकू येईना.

साडेतीनची शिट्टी झाली. संध्याकाळी गिनती झाली. छत्तीसच्या छत्तीस हजर. सोमवारी धावणं झालं, सगळे धावले. मी आठ दिवस प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. कोणालाही काहीही झालेलं नाही. तो कोणासाठी आला होता, मला कळलं नाही. आजही कळत नाही.

एक गोष्ट मात्र नंतर माझ्या लक्षात आली. इतक्या वेळा ती पावलं आली, आणि दर वेळी दारापासून दूर जाताना ऐकू आली. त्या दिवशी ती बराकीतून बाहेर गेलेली मी ऐकली नाहीत.

त्यानंतर माझ्या दाराशी कोणी येत नाही. वत्सलाबाई म्हणतात, शांत झाला तो. त्यांनी नारळही फोडला. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, त्या दुपारी त्या खोलीत कोणीतरी खरंच गोळ्या घेतल्या होत्या. त्याच्या शरीराने ते कसंतरी निभावलं, आणि त्याने दातओठ खाऊन ते लपवलं. तो मुलगा अजून तिथेच आहे. रोज सकाळी माझ्यासमोरून धावतो. मी त्याला ओळखत नाही. आणि पुढच्या वेळी मला बोलवायला कोणी येणार नाही.

म्हणून रविवारी दुपारी मीच बराकींची फेरी मारते.

गेल्या रविवारी गेले, तर दोन नंबरच्या बराकीला आतून कडी होती. दिवसा आतून कडी लावायची परवानगी नाही. मी दार वाजवलं. नावं घेऊन हाका मारल्या. खिडक्याही लावलेल्या होत्या.

आत छत्तीस मुलं होती. एकाचीही कूस बदलल्याचा आवाज आला नाही.

शिट्टी होईपर्यंत मी दाराला कान लावून उभी होते.